दार फुटलेलं नाही

माझे भावोजी चोर झाले असते तर ताईचं भलं झालं असतं, असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. दाराचं कुठलंही लॅच ते चहा निवायच्या आत उघडायचे आणि तरी जन्मभर एका डुगडुगत्या स्टुलावर बसून किल्ल्या घासत राहिले. त्यांचं किल्ल्यांचं दुकान आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यामध्ये फळ्यांची एक पातळ भिंत होती. त्या भिंतीच्या फटीतून हाक यायची, "मेहुणीबाई, तेल!" मग मी माझ्या मशिनच्या तेलाची कुपी पलीकडे सरकवायची. कुठल्याही कुलपाला हात लावण्याआधी ते त्यात तेलाचा एक थेंब सोडायचे. मग त्यांची वाकडी पट्टी आणि टाचणीएवढी आकडी आत जायची. कोरडं कुलूप आतून ओरबाडलं जातं, म्हणायचे. कुठे फोडलेलं दार दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही. ताई कुरकुरायची, "माझा हात भाजला तेव्हा एवढं तोंड उतरलं नव्हतं यांचं."

आमच्या वॉर्डाचे ते परवान्याचे कुलूपवाले होते. छातीला लावायला पितळी बिल्ला मिळाला होता आणि तो ते ताईच्या नथीपेक्षा जास्त जपायचे. त्या काळी सरकारला कुणाच्या घरात शिरायचं असेल तर भलताच खटाटोप करावा लागे. आधी कोर्टाचा हुकूम आणायचा. तो दाराशी उभं राहून मोठ्यानं वाचायचा. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बाहेर बोलवायचं. आणि दार लाथेनं नाही, परवान्याच्या कुलूपवाल्याकडून उघडायचं. यातलं एक जरी राहिलं तरी कुलूपवाल्यानं हात लावायचा नाही, असा कायदाच होता.

एकदा फौजदार भर उन्हात चार जिने चढून एका दाराशी आला. घाम पुसत त्यानं हुकूम वाचला, तर त्यात घराचा नंबर खालच्या मजल्यावरचा. भावोजींनी हातातली पट्टी परत खिशात घातली.

"साहेब, हे घर नाही."

"अहो, पण माणूस तोच आहे ना!"

"माणूस असेल. घर हे नाही."

फौजदारानं भावोजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि आला तसा जिने उतरून गेला. दुसऱ्या दिवशी तो बरोबर नंबर लिहून आणेपर्यंत आतला माणूस पसार झाला होता. आणि तो माणूस खरोखर नालायक होता, बायकोला मारून त्यानं दवाखान्यात पोचवलं होतं. सगळ्या गल्लीनं भावोजींना फैलावर घेतलं. त्यांना स्वतःलाही वाईट वाटलं होतं, पण त्यांचं म्हणणं एकच: "आज मी त्या नंबरावरून दार उघडलं असतं, तर उद्या तुमच्या दाराशी कुठला नंबर दाखवून उभं केलं असतं मला?" लोक म्हणाले, कायद्याचा किडा चावलाय याला.

ते सरकार काही गुणांचा पुतळा होतं असं मी म्हणणार नाही. नळाला पाणी असलं तर बादली मोकळी नसायची आणि बादली मोकळी असली तर पाणी गेलेलं असायचं. ऑफिसात साहेबाची खुर्ची नेहमी रिकामी. पण रस्ता रुंद करताना नगरपालिकेच्या गाडीनं भावोजींच्या दुकानाचं शटर चेपलं, तेव्हा ते कोर्टात गेले आणि कोर्टानं नगरपालिकेकडूनच नवं शटर बसवून घेतलं. ते वाकडं बसलं ते बसलंच. सकाळी उचलताना भावोजी त्याला शिव्या घालायचे आणि नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचे, "सरकारनं बसवून दिलंय. हरलंय ते माझ्यापुढे."

मग बस स्टँडवर स्फोट झाले. माणसं मेली, त्यांत आमच्या गल्लीतली एक आई आणि तिचं लेकरू. ते दोन देह घरी आले त्या दिवशी कुणाच्या घरात चूल पेटली नाही. रेडिओवर सांगितलं, सरकारचे हात बांधलेले आहेत, म्हणून हे घडलं. लोक ओरडले, मग सोडा हात. ताई तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. विधानसभेनं एका बैठकीत तात्पुरता हुकूम मंजूर केला आणि त्यानंतर सरकारनं विधानसभेलाच सुट्टी दिली. कोर्टाच्या फाटकावर 'पुढील सूचनेपर्यंत' अशी पाटी लागली. भावोजी संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "हात सोडलेत खरे. आता ते कुठे कुठे फिरतात ते बघायचं." मी म्हटलं, "तुमचं आपलं काहीतरीच."

काही दिवसांनी फौजदार आला. तोच फौजदार, तीच मिशी, तोच घाम. बरोबर पहार घेतलेली दोन माणसं. कोर्टच बंद, त्यामुळे हुकुमाचा प्रश्न नव्हता. शेजाऱ्यांना बोलवायचं नव्हतं. भावोजींना दाराशी नेलं तेव्हा त्यांनी सवयीनं विचारलं, "हुकूम?" फौजदार हसला. रागावलासुद्धा नाही. "तुम्ही परत जा हवं तर. दार आम्ही काढतो," म्हणाला आणि पहारवाल्याला त्यानं खूण केली. पहारेचं टोक चौकटीत शिरलं, लाकूड कुरकुरलं, आणि भावोजींच्या तोंडून निघून गेलं, "अहो, थांबा थांबा! दार खराब कराल!"

त्या एका वाक्यानं त्यांचा घात केला, असं मला अजून वाटतं. कुलूपवाला सोडून दुसरा कुणीही तिथे गप्प उभा राहिला असता नाहीतर पळाला असता. यांना दाराची दया आली. त्यांनी खिशातून पट्टी काढली.

नंतर ते मला समजवायचे, "ते जाणारच आहेत आत. मी नाही उघडलं तर फोडतील. निदान माणूस सुटून आला तर घराला दार तरी असेल." ऐकायला खोटं वाटत नव्हतं. फौजदाराला तर ही युक्ती फारच आवडली. आता ते दुपारचे येऊ लागले, इमारती अर्ध्याअधिक रिकाम्या असताना, रात्रपाळी करून आलेला माणूस घरात एकटा झोपलेला असताना. तेलाचा थेंब, पट्टी, आकडी. माणसाला तोंड दाबून खाली न्यायचं आणि जाताना दार ओढून घ्यायचं. लॅच आपोआप बसायचं. मग फौजदारानं आपली चार पोरं शिकायला पाठवली आणि भावोजींनी दुकानात बसवून त्यांना सगळं शिकवलं. तेलाचा थेंबसुद्धा. माझी कुपी त्या दिवसांत लवकर संपायची, पोरं जाताना आपापल्या डब्या भरून न्यायची.

आमच्या समोरचा घड्याळवाला असाच नाहीसा झाला. त्याची बायको बाजारातून आली तर दार बंद, चप्पल जागेवर, अंथरुणावर चादर निम्मी सरकलेली, माणूस नाही. ती फौजदाराच्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनानं विचारलं, "दार फुटलंय का?" ती म्हणाली, नाही. "कुलूप तुटलंय?" नाही. "मग आमचं कुणी आलेलं नाही, बाई. नवरा आपल्या पायानं गेलाय. घरात काही भांडण वगैरे?" तिथून ती घरी पोचायच्या आत गल्लीत बातमी पोचली की घड्याळवाल्यानं दुसरीचा हात धरला. ती बाई दर थोड्या दिवसांनी माझ्याकडे यायची, ब्लाउजला आतून टीप घालून घ्यायला. शिवण कापडाच्या आत आत सरकत गेली तरी तिच्या अंगाला तो ढगळच. ती दुकानात आली की फळ्यांच्या पलीकडे किल्ल्या घासायचं मशीन बंद पडायचं आणि ती जाईपर्यंत चालू व्हायचं नाही.

मी एकदा फटीला तोंड लावून विचारलं, "भावोजी, त्यांचं दार तुम्हीच उघडलंत ना?"

पलीकडून उत्तर आलं, "एक ओरखडा नाही पडू दिला."

मला त्यांची घृणा वाटली त्या क्षणी. आणि लगेच त्यांच्यासाठी रडूही आलं, कारण ते हे अभिमानानं म्हणत नव्हते, हातात उरलेली एकच गोष्ट दाखवत होते.

ताईचा मुलगा एकुलता एक. जन्मला तेव्हापासून त्याचा आवाज असा की सगळे त्याला भोंगा म्हणायचे. बस डेपोत रात्रपाळीला इलेक्ट्रिशियन होता. "मावशी, ऐकू आलं का?" म्हणून कानाशी येऊन ओरडायचा आणि मी त्याला कात्री दाखवायची. डेपोच्या एका बैठकीत साहेब सगळ्यांना नवे नियम सांगत होते, तेव्हा यानं मागून विचारलं, "हा तात्पुरता हुकूम संपणार कधी?" बस, एवढंच. दुसरं कुणी विचारलं असतं तर कदाचित ऐकूही गेलं नसतं.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी ताई माझ्याकडे बाही शिवून घ्यायला बसली होती. घरी गेली, दार उघडलं, आणि तिची हाक मी दुकानात ऐकली. भावोजी माझ्या आधी धावले. मी पोचले तेव्हा ताई पोराच्या रिकाम्या अंथरुणावर बसून उशी चाचपत होती आणि भावोजी दाराशी गुडघ्यावर. त्यांनी लॅचच्या भोकाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग ते बोट माझ्यापुढे धरलं. मला वास घ्यायची गरज नव्हती. ते माझ्या मशिनचं तेल होतं.

ते बिल्ला लावून फौजदाराकडे गेले. मीही बरोबर गेले, कारण ताई उठतच नव्हती. फौजदारानं खुर्ची दिली, चहा मागवला. मग विचारलं, "दार फुटलंय?"

"साहेब, मला नका विचारू हे."

"विचारावं लागतं. फुटलंय?"

"नाही."

"मग आमचं कुणी आलेलं नाही."

"माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी उघडलंय. कुलपात तेल आहे."

"तेल तर चांगल्या कुलपात असतंच, तुम्हीच सांगता," फौजदार म्हणाला. मग त्यानं उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, पूर्वी तुम्ही कोर्टात गेला असतात. कोर्टानं मला उभं केलं असतं, मी माझ्या साहेबाला विचारलं असतं, त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. आता मी कुणाला विचारू? माझी चुलती त्या इमारतीत राहते, तिचाही मुलगा गेला. मी विचारलं नाही. विचारणाऱ्याचं काय होतं ते तुमच्या पोरानं दाखवलंच की." त्यानं चहा भावोजींपुढे सरकवला. "कामावर येत राहा. कधी वर बोलणं निघालं तर मला म्हणता येईल, पोरगा आपल्या माणसाचा आहे."

सरकार वाईट आहे की चांगलं, यावर आम्ही जन्मभर भांडलो. पण ज्याला कुणी परत पाठवू शकत नाही असं सरकार म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कळलं. त्यात फौजदारसुद्धा घाबरलेला असतो.

भावोजी घरी आले आणि त्यांनी ताईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ताईनं डोळे पुसले, त्यांचा शर्ट इस्त्री केला, बिल्ला लावून दिला. "जा तुम्ही," म्हणाली. "सांगतील ती दारं उघडा. माझा मुलगा मला हवाय." मला मूल नाही, मी कोण बोलणार?

ते जात राहिले. किती दारं, मी मोजली नाहीत. घरी आल्यावर ताई काय विचारेल ते त्यांना ठाऊक असायचं, म्हणून दारातूनच मान हलवायचे, नाही, अजून काही कळलं नाही. त्यांचं वजन उतरलं. घड्याळवाल्याच्या बायकोच्या ब्लाउजसारखे त्यांचे सदरेही मी आत घेऊ लागले.

मग तो मुलींच्या वसतिगृहामागच्या इमारतीतला दिवस आला. तिथे एक नर्स आईवडिलांबरोबर राहायची. दवाखान्यात आणलेल्या एका प्रेताच्या अंगावरचे वळ तिनं पाहिले होते आणि मेला कशानं, हे त्याच्या घरच्यांना खरं सांगितलं होतं. रात्रपाळी करून आली होती, आईवडील बाहेर गेले होते. पुढचं मला समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या पोस्टमननं सांगितलं, तो दाराच्या फटीतून बघत होता. भावोजी गुडघ्यावर बसले. तेल सोडलं. आकडी आत घातली आणि बराच वेळ नुसतेच बसून राहिले, कान दाराला लावून. फौजदारानं खांद्याला हात लावला तसे उठले आणि म्हणाले, "लॅच अडकलंय. पहार द्या."

"तुम्हाला उघडत नाही?" फौजदाराला खरं वाटेना.

"द्या म्हटलं ना!"

त्यांनी पहार घेतली आणि दारावर घातली. चौकटीत सारून दार हळूच उचकटायचं असतं, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? त्यांनी ती दारावर हाणली, पुन्हा हाणली, फळी फाटेपर्यंत. सबंध जिना दणाणला. आणि प्रत्येक घावाला ते ओरडत होते, "सरकारी माणसं आलीत! बाहेर या! बघा, सरकारी माणसं आलीत!" इतके दिवस बंद राहिलेली दारं उघडली. वरून, खालून माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. कुणी अडवलं नाही, अडवणं शक्यच नव्हतं. पण झोपेतून उठलेली ती मुलगी पायात चप्पल नसताना खाली नेली गेली ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तिच्यामागून दंडाला धरलेले भावोजी.

मुलीच्या बापानं दुसऱ्या दिवसापासून ऑफिसाची पायरी सोडली नाही. कारकुनानं विचारलं, दार फुटलंय का, आणि बापानं दाराची फाटलेली फळीच टेबलावर ठेवली. मागे अर्धी इमारत उभी. आमचं कुणी आलं नव्हतं, असं म्हणायची सोय राहिली नाही. शेवटी त्यांनी कबूल केलं की मुलगी अमुक तुरुंगात आहे. हिवाळा संपताना ती घरी आली. एका कानानं ऐकू येत नाही, पण आली.

तिची आई ताईकडे आली होती. पाया पडायला वाकली तर ताईनं पाय मागे घेतले. "तुमची आली. बरं झालं," एवढंच म्हणाली आणि तिच्यासमोरच दार लावून घेतलं. मग माझ्याकडे वळून, मी आजवर ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "माझ्या पोराचं सुटणं यांच्या हातात होतं गं. ते यांनी दुसऱ्याच्या पोरीला देऊन टाकलं."

भावोजींना नेताना एवढ्या लोकांनी पाहिलं होतं की ऑफिसाला त्यांचंही नाव नाकारता येईना. ते त्याच तुरुंगात निघाले. भेटीला परवानगी मिळाली तेव्हा ताई जायला तयार नव्हती, मी ओढून नेलं. भोंग्याबद्दल तोवर ऑफिसात एकच उत्तर होतं, आणि आजही तेच आहे: आपल्या पायानं गेला.

जाळीपलीकडे भावोजी आले. दोन्ही हातांची बोटं वेडीवाकडी बांधलेली. ती आता आकडी धरणार नाहीत, हे मला बघताक्षणी कळलं. ताईनं बोटांकडे बघितलं आणि तिचं रडू फुटलं, पण रागही गेला नव्हता.

"इतकी दारं उघडलीत," ती म्हणाली. "मग त्याच दाराशी काय झालं तुम्हाला?"

भावोजी खाली बघत होते. "आकडी आत घातली," ते म्हणाले, "आणि आतून घोरणं ऐकू आलं. मोठ्यानं, रात्रपाळी करून दमलेलं माणूस घोरतं तसं. मला वाटलं, आपलाच झोपलाय आत."

ताईनं जाळीत बोटं अडकवली.

"पण तो नव्हता हो," ती म्हणाली.

"नव्हता," भावोजी म्हणाले.

मग शिपायानं आम्हाला बाहेर काढलं.